दाव्याला बांधलेला डेटाबेस

मंगळवार, संध्याकाळ. जालना.

अजून डोक्यातून जात न्हाई. आमच्या बियाणे कंपनीत सर्व्हर तीन. डेटाबेस एकावरच चालतो, पण तो आपोआप दुसऱ्यांवर जाऊ शकतो, म्हणून डेटाबेस विकणाऱ्या कंपनीचे तपासणीवाले तिन्हींचं लायसन्स मागून राह्यले. गेलाच न्हाई, तर लायसन्स कशाला? आठवडाभर हेच भांडतेय.

आज शहागडहून बाबांचा फोन आल्ता, त्यांना सहज सांगितलं. कम्प्युटरला कधी हात न लावलेला शेतकरी माणूस. म्हणाले, "मोकळ्या बैलानं दुसऱ्याचं पीक खाल्लं का न्हाई, कोण बघतं? मोकळा होता, एवढंच बघतात. दाव्याला बांध ना माय."

लगेच डेटाबेस एका सर्व्हरला बांधला, बाबांना कळवलं.

"गाठ पक्की मारली ना?"

परत लॅपटॉप उघडला. 'सर्व्हर बंद पडल्यास दुसरीकडे हलवा', या पर्यायापुढची टिकची खूण तशीच राह्यली होती.