बाबांच्या मशीनखालच्या विटा

ती. आईस,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. काकू अजून म्हणते का, "चाळिशी उलटल्यावर खुर्च्या शिकायला गेली"? म्हणू दे. काम माणसाच्या अंगाला सोसेल असं कसं बसवायचं, तेच एर्गोनॉमिक्समध्ये शिकवतात.

सोमवारपर्यंत शाखा निवडायची आहे: अभियांत्रिकी, शरीरशास्त्र किंवा मानसशास्त्र. मी अभियांत्रिकी ठरवली होती. नोकरी लवकर लागते.

काल वर्गात, बसल्यावर कोपर किती उंचीवर येतं ते मोजलं आणि तुझा दुखरा खांदा आठवला. बाबा उंच, म्हणून त्यांनी शिलाई मशीन विटांवर चढवलं होतं. ते गेल्यापासून तू त्याच मशीनवर खांदे उचलून शिवतेस. दादा विटा काढायला गेला तेव्हा म्हणालीस, "राहू दे रे, त्यांनी लावल्यात."

सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "विटा काढा, झालं!" उत्तर बरोबर होतं, तरी मला पटलं नाही. तेव्हापासून मन मानसशास्त्राकडे वळतंय. हा विचार आहे की नुसती घरची ओढ, माझं मलाच कळत नाही. त्याला एक वर्ष जास्त लागेल. तुला चालेल का?

विटा असू देत. खुर्चीवर दादाकडून जाड फळी ठोकून घे, म्हणजे तूच वर येशील. विटांमुळे पायडलही वरच आहे, पाय पोचतील.

खांदा कसा आहे ते लिही. नुसतं "बरा आहे" लिहू नकोस.

तुझी,
थोरली