अडवायचं कोणाला?

९ मार्च, सोमवार

सुरक्षारक्षकाच्या परीक्षेत पास झाले! गणवेश, पट्टा, शिट्टी, टोपी — सगळं हातात आलं. टोपी जरा मोठी आहे, कानांवर येते. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, डोक्यात एवढा कायदा भरलाय, बसेल नीट." त्यांनीच गणवेशाला इस्त्री केली. त्यांनी हट्ट धरला नसता तर मी या शिक्षणाला गेलेच नसते.

शिकवणारे निवृत्त फौजदार. आम्ही त्यांना कायदेकाका म्हणतो. शेवटच्या तासाला म्हणाले, "गणवेश चढवला म्हणून कोणी पोलीस होत नाही. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा झाला तर माणूस धरता येतो, पण तेवढा हक्क रस्त्यावरच्या कोणालाही आहे. धरलात तर लगेच पोलिसांच्या हवाली करायचा. मारायचं नाही, कोंडायचं नाही, मनाविरुद्ध झडती नाही."

मागून एकजण कुरकुरला, "मग आम्ही करायचं तरी काय?"

"दार सांभाळायचं. मालकाच्या वतीने एखाद्याला आत घेणार नाही, असं तुम्ही म्हणू शकता. आणि आत जो आहे, त्याला जपायचं."

१० मार्च, मंगळवार

पाय!! बाकी काही लिहीत नाही.

१२ मार्च, गुरुवार

चार मजली दुकान, आणि मी मुख्य दारावर. येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून ते धातू शोधणारं हातातलं यंत्र फिरवायचं आणि हसायचं. हसण्यानेच जास्त दमायला होतं.

दुपारी अत्तराच्या काउंटरवरच्या मुलीने स्वतःचं स्टूल आणून दिलं. "मावशी, टेका जरा." गोड पोर. वसतिगृहात राहते, घरच्यांनी ठरवलेलं लग्न नको म्हणून निघून आली. हे तिनेच सांगितलं, मी खोदून विचारलं नाही. सुटल्यावर दारातून बाहेर पाहते आणि मगच पाऊल टाकते. आज मीच पुढे जाऊन पाहिलं आणि म्हटलं, "जा गं, कोणी नाही."

घरी नवऱ्याने गरम पाण्याची बादली तयार ठेवली होती. पाय बुडवले आणि डोळ्यांत पाणीच आलं. माझी माणसं फार चांगली आहेत.

१४ मार्च, शनिवार

रात्र बरीच झालीय. तरी लिहिते.

दुपारी तिचे वडील आणि भाऊ आले. तेव्हा मला कुठे माहीत कोण ते! वडील तपासणी करू देऊन आत गेले. भाऊ मागे सरकला. "अंगाला यंत्र लावायचं नाही."

"बरं दादा, नाही लावत. पण मग आत सोडता येणार नाही."

"तू कोण मला अडवणारी?"

"दारावरची," मी म्हटलं. तो तणतणत पायरीवर थांबला.

थोड्या वेळाने मॅनेजरसाहेबांनी आत बोलावलं. जोडीच्या रक्षकाला दारावर उभं केलं, "तपासल्याशिवाय कोणी नाही" म्हणून बजावलं आणि गेले. अत्तराजवळ ही गर्दी. वडील ओरडतायत, पोर काउंटरला चिकटून उभी. साहेब म्हणाले, "हिला मागच्या खोलीत बसव आणि कडी लाव. भावाला मागच्या दाराने घेऊ. घरचं भांडण आहे, दुकानात तमाशा नको."

"साहेब, हिने काही चोरलंय का?"

"नाही गं, पण —"

"मग कडी लावली तर गुन्हेगार मी होईन. ती सज्ञान आहे."

"माझी मुलगी आहे ती!" वडील.

"तुमचीच आहे, काका. पण यायचं की नाही ते ती सांगेल." तिला विचारलं. तिने नुसती मान हलवली — नाही. मी तिच्यापुढे उभी राहिले. कोणाला हात लावला नाही. आमच्या एजन्सीच्या सुपरवायझरबाईंना आणि पोलिसांना फोन केला. महिला पोलीस आल्या, मुलीला बाजूला घेऊन विचारलं, मग बापलेकांना समज देऊन घालवलं.

टोपी मधेच कुठेतरी पडली होती. कोणी उचलून दिली, आठवत नाही.

१५ मार्च, रविवार

साहेबांनी झाप झाप झापलं. "उद्यापासून गोदामावर जा!" सुपरवायझरबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पोर कोंडली असती तर पोलिसांनी हिच्या आधी तुम्हाला विचारलं असतं. हिने तुमची नोकरी वाचवलीय." साहेबांनी बदली मागे घेतली. मी दारावरच आहे. बाईंचे उपकार कसे फेडू?

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता आपल्या घरातही कडीबिडी लावताना तुझी परवानगी घ्यायला हवी!"

१७ मार्च, मंगळवार

पोर कामावर येते आहे. आज पहिल्यांदा हसली. जाताना माझ्या मनगटावर अत्तराचा थेंब लावून गेली.

पण तिच्या बापाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. माझीही लेक आहे. उद्या ती अशी निघून गेली, आणि कुठल्याशा दारावरच्या बाईने मला कायदा सांगितला तर? नवरा म्हणाला, "तू बरोबरच केलंस." बरोबर केलं हे मलाही कळतं. तरी मन खातंच. त्या म्हाताऱ्याला बसायला खुर्ची तरी द्यायला हवी होती.

२३ मार्च, सोमवार

आज तो बाप आला. एकटाच. आत गेला नाही. हात जोडून म्हणाला, "तुमच्याकडेच आलोय, ताई. त्या दिवशी घरी गेल्यावर पोराच्या खिशातून सुरा निघाला. मला माहीत नव्हतं हो! त्याला आत सोडलं असतंत तर माझं एक लेकरू मेलं असतं आणि दुसरं जन्मभर तुरुंगात सडलं असतं."

मी आतून खुर्ची मागवली आणि त्याच्याकडे सरकवली.