चुडाव्याच्या मिलचे शेअर

५ नोव्हेंबर १९७४, मंगळवार
आज जीपमध्ये पुढे बसलो! हेडक्लार्क नागनाथराव स्वतः मागे. आठ वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नाही. काम काय — तर माझ्याच गावी, चुडाव्याला, तेलमिलच्या शेअरवाल्यांना रोख पैसे वाटायचे. मिल आमच्या जिनिंग कंपनीच्या हाताखालची. पंचाहत्तर टक्के शेअर कंपनीचे, बाकीचे गावातल्या बावीस घरांचे. मिलला जागा दिली त्याच्या बदल्यात मिळालेले. आईचेही दहा आहेत.

मला मिलच्या ओट्यावर बसवलं. लोक फाटकातून एकेक येत होते. नागनाथराव म्हणाले, "तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही करा." बावीस अंगठे, बावीस सह्या. कागद वरून दुमडलेले. मी उलगडून पाहिले नाहीत. जीपचा तोरा, दुसरं काय!

६ नोव्हेंबर
शेअरमागे एकशे दहा रुपये! गेल्या साली दहा मिळाले होते. यंदा तर मिल तोट्यात. कमी दिले असते तर समजलो असतो, मधे कोणीतरी हात मारला. पण जास्त? कुठंतरी पाणी मुरतंय.

८ नोव्हेंबर
नागनाथरावांना सहज विचारल्यासारखं विचारलं. "दिवाळी तोंडावर हाय मुंजाजी, लोकांचं भलं व्हायलंय. तुमचं काय जायलंय?" आणि चहा मागवला — स्वतःच्या पैशानं! तेव्हाच माझा संशय पक्का झाला.

९ नोव्हेंबर
रोकडवही पाहिली. पैसे मिलच्या खात्यातून गेलेलेच नाहीत. आमच्या कंपनीच्या तिजोरीतून गेलेत. नफ्याचा वाटा असता तर मिलनं दिला असता. कंपनी पदरचे कशाला देईल?

शेअर विकत घेतले असतील तर? वाटा मिळाला तर शेअर आपल्याकडेच राहतो. विकला की संपलं. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आईनं मला न विचारता विकले असतील?

११ नोव्हेंबर
नागनाथराव जेवायला गेले तशी मिलची फाइल काढली. मिलची जागा नांदेडच्या एका पार्टीला विकायची बोलणी पक्की. शेअरमागे साडेसहाशे पडतात! गावाचे शेअर आधीच काढून घेतले की सगळे पैसे कंपनीला. चोर, नुसते चोर!

खाली शेअरच्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं. चुडाव्यात ते दर लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडतात. सटवाजीकाका तर नातवालाही हात लावू देत नाहीत. मग यांना दिलेच कसे? काय थाप मारली असेल?

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. चुडावा.
पाटावर नुसत्या नोटा. कागद नाही.

आईवर ओरडलो. ती म्हणाली, "सटवाजी फाटकातच अडला व्हता रे. लय भांडला. कागद देत न्हाई म्हणला. मग नागनाथरावानं तुझ्याकडं बोट केलं. म्हणले, तुमचा मुंजाजी सही करायलाय, तिकडं बघा. मग समद्यांनी देले."

मला जीपमध्ये पुढे का बसवलं ते आज कळलं.

सटवाजीकाका लाडू घेऊन दारात आलेत. माझ्यासाठी.