छाती धरली

११ फेब्रुवारी
नोकरी पक्की झाली. दुपारी गुरपादप्पा सावकारांनी स्वतःच सांगितलं आणि दुकानाच्या किल्ल्या हातात ठेवल्या. उद्यापासून ब्याडगीतल्या त्यांच्या औषधाच्या दुकानाचा फार्मासिस्ट मी. कुंदापूरला फोन केला, तर आईने आधी विचारलं की तिकडे मासे मिळतात का. मिळत नाहीत. मिरची मिळते. रस्ता लाल, झाडं लाल, सावकारांचं पांढरं धोतरसुद्धा गुलाबी. किनाऱ्यावरची माणसं ओली असतात, असं ते म्हणाले. इथे लवकर वाळशील, मग भाव चांगला येईल. खोलीही बरी आहे. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दोनदा मागून घेतली.

१४ फेब्रुवारी
गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका. त्यांना दोनच गोष्टी लागतात, दम्याचा निळा पंप आणि दुखण्याची गोळी. पंपाचा फवारा श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतो. गोळी दुखणं जागं करणारा रस अंगात तयारच होऊ देत नाही.

नीलव्वा नावाची बाई आज बहिणीसाठी, गंगव्वासाठी, गोळ्या न्यायला आली. गुडघा खाली आणि गोळी तोंडात, मग तिला वाट कोण दाखवतं, असं तिने विचारलं. मी ऐटीत समजावलं की गोळीला कुठे दुखतं ते कळत नाही, ती रक्तातून सगळीकडे जाते. त्यावर ती मागच्या बायकांना म्हणाली, म्हणजे माझ्या नणंदेसारखीच, बोलवा न बोलवा, घरभर फिरणार. रांग हसली. ती मला तम्मा म्हणते. धाकटा भाऊ.

१९ फेब्रुवारी
बाजाराचा दिवस. दारात ट्रक, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. नीलव्वा दोन्ही लाल पंजे काचेवर टेकून वाकली आणि म्हणाली, तम्मा, छाती धरली. कंबर धरते, मान धरते, तशी पोती ओढून छातीत लचक भरली असणार. मी दुखण्याचीच, पण जास्त ताकदीची पिवळी गोळी दिली, पाणी देऊन समोरच गिळायला लावली. तम्माच्या हातचं म्हणजे गुण येणारच, असं काहीतरी पुटपुटत गेली.

कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती. समोरच्या हॉटेलातली चहाची किटली असावी.

२० फेब्रुवारी
नीलव्वा काल गेली. मिरचीबाजाराच्या यार्डात, पोत्यांवर बसल्या बसल्या, श्वास अडकून.

गंगव्वा सांगायला आली होती. बहीण लहानपणापासून दमेकरी. आधीचे फार्मासिस्ट अण्णा तिला गंगव्वाच्या गोळ्यांना हातही लावू देत नसत. इकडे छाती धरली म्हणजे दमा उठला. दुखणं नव्हे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

काही दमेकऱ्यांत ती गोळी दुखण्याची वाट बंद करते आणि श्वासनळ्या आवळणाऱ्या रसाची उघडते. परीक्षेत मी हे लिहिलं आहे. दमा आहे का, एवढंच विचारायचं होतं.

गंगव्वाने विचारलं, ती पंप न्यायला तुझ्याकडे आली होती का रे. मी म्हणालो, नाही.

ती गेल्यावर सावकार हलक्या आवाजात म्हणाले की मिरचीच्या खकाण्याने गेली असं गाव म्हणतंय, आपण गावापेक्षा शहाणे होऊ नये.

२३ फेब्रुवारी
काचेवर दोन लाल पंजे. स्पिरिटने पुसले. जेवून आलो तर पुन्हा तिथेच. काच गार होती, पंजे कोमट.

शिट्टी थांबत नाही. सावकारांना म्हटलं, समोरच्याला सांगा ना, किटली उतरव. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. हॉटेलवाला मुलीच्या लग्नाला गेलाय, म्हणाले. मागच्या बाजाराच्या आधीपासून बंद आहे.

म्हणजे त्या दिवशीही —

२६ फेब्रुवारी
बाजार. रांगेत बायकांनी मध्ये एका माणसाची जागा सोडली होती. कुणी ढकललं तरी ती भरेना. रांग सरकली की जागाही सरके.

काचेपाशी आली.

तम्मा, पंप नको. तीच दे.

देणार नाही, म्हणालो. तिचं इतर कुणी ऐकलं नाही. मागची बाई म्हणाली, अरे यप्पा, भिंतीशी काय बोलतोस, माझा नंबर आहे.

२७ फेब्रुवारी
शिट्टी आता जवळ आहे. कान झाकले तरी —

माझ्यातून येते. मला दमा नाही. कधीच नव्हता. पंप ओढला. उलट आवळलं. पंपातून मिरचीचा वास.

शर्ट काढला. छातीवर दोन पंजे. लाल. पाणी लावलं की आग. बोटं दाबतात. गोळीला कळत नाही कुठे — सगळीकडे जाते.

२८ फेब्रुवारी
सावकार गाडी आणायला गेलेत. हावेरीला, मोठ्या दवाखान्यात नेणार.

काचेवर पंजे नाहीत. आता सगळे इथे, माझ्या —

गंगव्वा रस्ता ओलांडते आहे. गुडघ्याच्या गोळ्यांना येते. आत आली की सांगेन. बोलता नाही आलं तर ही वही पुढे करेन. गंगव्वा, ती आली होती. मी नाही म्हणालो. गोळी मी — माझ्या हाताने —

दारात आली. तिच्या मागे अजून एक

अक्का, छाती ध