वेशीतला दगड

३ सप्टेंबर २०२५, बुधवार. बेळगाव

आरोहीने आज मला पकडलं. बारा वर्षांची नात, इंग्रजी शाळेतली, मराठी अक्षर अक्षर लावून वाचते — आणि नेमकं तिनेच! माझं 'तळगूरची वेस' तिने चार दिवसांत संपवलं. जेवताना विचारते, "आज्जी, रवळूने सोन्याचं कडं घेतलं आणि पेंढाऱ्यांना वेस उघडून दिली. मग तो पळून का नाही गेला? वेशीतच कसा मेला?"

म्हटलं, गावकऱ्यांनी दगडांनी मारला ना त्याला. पुस्तकात आहे.

"पण गावकरी तर तेव्हा झोपले होते. तूच लिहिलंयस."

बत्तीस वर्षं झाली पुस्तकाला. सात आवृत्त्या. शाळांच्या गॅदरिंगमध्ये नाटक होतं त्याचं. एवढ्या मास्तरांनी वाचलं, परीक्षकांनी वाचून बक्षीस दिलं, कुणाला हे भोक दिसलं नाही. मी 'भात निवतोय' म्हणून विषय बदलला. जुनी खोड माझी.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. जुन्या विद्यार्थ्यांचे अकरा फोन. जो तो म्हणतो, बाई, तुम्ही शिकवलेला इतिहास अजून आठवतो. एरवी बरं वाटतं.

७ सप्टेंबर, रविवार

प्रकाशकांचा फोन. आठवी आवृत्ती काढतायत, रंगीत चित्रांची. "काही दुरुस्त्या असतील तर दसऱ्यापर्यंत कळवा मॅडम. मुद्रणाच्या चुका वगैरे."

मुद्रणाच्या चुका!

लिहूनच टाकते. इथं कोण वाचायला येणार आहे?

रवळू वेसकराने वेस उघडली नव्हती. उघडली नाही म्हणून तो मेला. हे मला पुस्तक लिहायच्या आधीपासून माहीत होतं.

तळगूर माझं माहेर. निपाणीहून चिकोडीकडे जाताना लागतं. आमचं घर पाटलाचं. वेशीची राखण महारवाड्याकडे असायची, आणि रवळूचे वंशज अजून गावात होते. ९२च्या मे महिन्यात मी गावातल्या जुन्या गोष्टी गोळा करत फिरत होते, तेव्हा त्यांच्यातली तानीबाई वेशीतल्या दगडाला चुना लावत बसलेली दिसली. दगड रवळूच्या नावाचा. लोक तिची थट्टा करायचे — बौद्ध झालीस आणि दगड पुजतीस व्हय गं? ती मान वर न करता म्हणायची, "द्येव न्हाय त्यो. आमचा माणूस हाय. माणसाला आंगुळ नगो व्हय घालाय?"

तिनेच सांगितलं. पेंढारी येणार ही बातमी आली, तशी पाटलाने आपली बायकापोरं आणि गुरं काढली आणि आदल्या दिवशीच डोंगर गाठला. गावाला पत्ता नाही. जाताना रवळूला म्हणाला, वेस लावून घे, मी माणसं घेऊन येतो. "आला न्हाय त्यो," तानीबाई म्हणाली. "रवळू आपला हुबाच."

म्हातारीची दंतकथा म्हणून सोडून देता आली असती. पण माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या ट्रंकेत महजर होता — त्या प्रसंगानंतर गावाने साक्षीनिशी लिहून ठेवलेला मोडी कागद. आप्पांनी कोल्हापूरच्या एका जाणकाराकडून तो बाळबोधीत उतरवून घेतला होता. 'वेसकर रवळू वेसीत कामास आला. पाटील गावी नव्हता.' खाली बारा जणांच्या साक्षी. आप्पांनी मला वाचायला दिला, आणि वाचून होताच हात पुढे केला. "घरातलं घरात ऱ्हाऊ दे, माधवी."

ऱ्हाऊ दिलं. पाटलाला शूर केला, त्याला एक बारा वर्षांचा मुलगा दिला, मुलाला पांढरं घोडं दिलं. आता गोष्टीला फितूर तर लागतोच. मग रवळू होता की आयता! नावसुद्धा बदललं नाही. बदलावं असं मनातही आलं नाही, यातच काय ते आलं.

९ सप्टेंबर

एक राहिलं. परवा लिहिताना मुद्दाम टाळलं, ते आज लिहिते.

पुस्तक निघालं तेव्हा पहिली प्रत मी तानीबाईला नेऊन दिली. सही करून. तिला वाचता येत नव्हतं. म्हटलं, "तुझी गोष्ट घातलीय बघ पुस्तकात." तिने पुस्तक कपाळाला लावलं आणि पदरात गुंडाळून घरी नेलं.

मला तेव्हा लाजही वाटली नाही. उलट आपण केवढ्या मोठ्या मनाचे, असं वाटत परत आले होते.

१४ सप्टेंबर, रविवार

तळगूरला जाऊन आले. आप्पांची ट्रंक हवी होती, ती भाचा युवराजच्या घरात आहे. आरोही हट्टाने बरोबर आली — तिला पुस्तकातली वेस बघायची होती.

वेस आहे तशीच आहे. पण दगड! वरचा कोपरा उडालेला. अंगभर टवके. चुन्याचा मागमूस नाही. पायथ्याशी एक तुटकी चप्पल पडली होती.

युवराजला विचारलं, हे काय रे?

तो हसला. "दसऱ्याला फितुराला मारत्यात न्हवं. सोनं लुटून येताना पैला दगड फितुराला, मगच घराकडं. लई वरसं झाली की आत्ती. शाळेत तुमचं नाटक व्हायचं, त्यात शेवटाला पोरं कागदाचे बोळे मारायची. तितनं सुरू झालं. आता म्हातारी मान्सं बी मारत्यात." आणि वर म्हणाला, "तुमच्यामुळं गावाला एक रीत मिळाली."

 मी कट्ट्यावर बसले. तेवढ्यात युवराजच्या धाकट्या मुलीने आरोहीच्या हातात एक खडा दिला. आरोहीने नेम धरून मारला. बरोबर लागला. लागल्यावर वळून माझ्याकडे बघितलं — शाबासकीसाठी.

मी हसले. देवा, मी हसले!

ट्रंकेत महजर मिळाला. मोडी कागद आणि आप्पांची बाळबोध प्रत, दोन्ही. तानीबाईच्या घराला कुलूप होतं. ती ९९ साली गेली, हे मला ठाऊक होतं. शेजारी म्हणाले, तिची नात उपासना चिकोडीला कॉलेजात शिकवते.

उपासना. निपाणीच्या शाळेत माझीच विद्यार्थिनी.





१६ सप्टेंबर

आरोहीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे मी परवा चांगल्या माणसाला दगड मारला?"

तू मारायला लावलास, असं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

चिकोडीला गेले होते. फोन करूनच गेले. उपासना चाळिशीची झाली आहे, केस थोडे पिकलेत, बोलणं तसंच मोजकं. दारात मला बघून हात जोडले. "या बाई."

नववीत ती दुसऱ्या बाकावर बसायची. तळगूरहून बसने येणारी, शांत, अक्षर सुरेख. इतिहासाच्या तासाला मी वर्गाला माझंच पुस्तक वाचून दाखवलं होतं. रवळू कडं घेऊन वेस उघडतो त्या पानावर आले, आणि तळगूरची मुलं एकेक करून उपासनाकडे वळून बघायला लागली. मी काय म्हणाले? "पुढे बघा." बास. पुढे वाचत राहिले. आवाज चढवून, रंग भरून.

आज तिच्यासमोर हे सगळं बोलले. महजर दाखवला. तिने दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"माफी मागायला आलाय का, बाई?"

हो म्हटलं.

"माझी मागून काय उपयोग? दगड मला लागत नाहीत."

मी म्हटलं, दसऱ्याला वेशीत उभी राहून महजर वाचणार आहे. तू ये. ती म्हणाली, "त्या दिवशी आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. वस्तीतले सगळे पांढरे कपडे घालून निपाणीला कार्यक्रमाला जातात. वेशीकडं त्या दिवशी कोण फिरकत नाही. का ते तुम्हाला आता कळलं असेल." मग म्हणाली, "तुमच्या गावाचं तुम्ही बघा."

तुमच्या गावाचं! तिचंही तेच गाव.

बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर माझं पुस्तक होतं. तीच पहिली प्रत. खाकी कव्हर घातलेली, कोपरे गोल झालेले, पानं वाचून वाचून मऊ पडलेली. माझ्या स्वतःच्या घरातली प्रत इतकी वापरलेली नाही.

धीर करून विचारलं, "तानीबाईला कळलं होतं का गं? आत काय लिहिलंय ते?"

उपासना उठली. "चहा ठेवते," म्हणाली. चहा झाला, पोहे झाले, मला बसस्टँडवर सोडायला आली. त्या प्रश्नाचं उत्तर काही दिलं नाही.

उत्तर मला दिसलंच आहे. पानं सांगतायत. कुणीतरी तिला वाचून दाखवलं. आणि ते ऐकून पुढं सहा वर्षं ती म्हातारी वाटेत भेटली की मला हसून विचारायची, बरी हाईस न्हवं गं? कशी विचारत असेल!

२६ सप्टेंबर

प्रकाशकांना सांगितलं, शेवटची चार प्रकरणं नव्याने लिहून देते. ते म्हणाले, "मॅडम, चित्रं काढून तयार आहेत. पांढऱ्या घोड्याचं तर मुखपृष्ठच आहे." मी म्हटलं, मग आवृत्ती काढू नका.  विचार करून कळवा म्हणाले.

विचार करायला मला बत्तीस वर्षं मिळाली होती.

पण चार प्रकरणं कशी लिहायची? सकाळपासून बसले. रवळूच्या तोंडी एक वाक्य घालता येईना. त्याला फितूर करताना लेखणी कशी भरभर पळाली होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आरोहीला घेऊन युवराजकडे राहिले आहे. आजचं आजच लिहिते.

संध्याकाळी माणसं आपट्याची पानं घेऊन परत आली. पोरांचे खिसे खड्यांनी भरलेले. मी दगडाला पाठ लावून उभी राहिले आणि महजर वाचला. सगळा. 'पाटील गावी नव्हता' हे दोनदा वाचलं. मग सांगितलं, पुस्तकातलं खोटं आहे, ते मी रचलं, माहीत असून रचलं.

मला वाटलं होतं, गाव गप्प होईल. किंवा चिडेल तरी. तसं काही झालं नाही. लोकांनी समजूत घातली माझी!

युवराज म्हणाला, "आत्ती, सणाच्या दिवशी हे काय काडलंय? पुस्तकात छापलंय की."

म्हटलं, पुस्तक माझंच आहे.

"मग? तुम्हीच लिवलंय. खोटं कशाला लिवशीला तुम्ही? बक्षीस मिळालंय त्याला."

शाळेच्या मास्तरांनी मान डोलावली. छापील पुस्तकापुढे हाताने उतरवलेला कागद काय धरायचा, म्हणाले. मागून कुणीतरी बोललं, "वय झालंय आत्तीचं." आणि हे सगळं मायेने, बरं का. एकीने मला बसायला खुर्ची आणली.

मी बसले नाही. पहिला खडा आला तो माझ्या मनगटावर लागला. लगेच युवराज ओरडला, "थांबा रं, आत्ती हाय तितं!" थांबले. रवळूसाठी नाही थांबले. पाटलाची लेक मध्ये उभी होती म्हणून. आजसुद्धा तो वाचला तो आमच्या घराच्या नावावर, आणि पुढच्या दसऱ्याला मी इथं असेन-नसेन.

गर्दी पांगल्यावर आरोहीने आपली पाण्याची बाटली दगडावर रिकामी केली. मग बोरिंगवरून भरून आणली, पुन्हा ओतली. चपलांची माती लागलीय म्हणाली. मी तिला काही शिकवलं नव्हतं. पदराने दगड पुसला मी. मनगट सुजलंय, पण ते काही नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार. बेळगाव

सकाळी उपासनाचा फोन. वेशीत काय झालं ते तिला वस्तीतून कळलं होतं. म्हणाली, "बाई, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं. आज्जीला कळलं नव्हतं."

म्हटलं, मग पुस्तक वाचून कुणी दाखवलं?

"मी. आठ वर्षांची होते. रोज सांज झाली की म्हणायची, वाच गं आमच्या रवळूचं. पहिल्यांदा त्या पानावर आले आणि थांबले. ती समोर बसलेली, हात जोडून. मग मी पुस्तक तसंच धरलं आणि मनानंच वाचलं. तिनं मला सांगितलेलं होतं तसं. रवळूनं वेस उघडली न्हाय. रोज तेच वाचायचं म्हणून पाठ केलं. सहा वर्षं. तुमच्या वर्गात तुम्ही वाचलंत, त्या दिवशीसुद्धा घरी जाऊन वाचलं. ती जायच्या आदल्या दिवशीपर्यंत."

मी जवळची खुर्ची ओढून बसले.

"ती सगळ्यांना सांगायची, गाव इसरलं, पर पाटलाच्या माधवीनं तेवढं खरं लिवलं. मी काय बोलणार, बाई?" मग म्हणाली, "शेवटची चार प्रकरणं, तिला वाचायची तशी, मला अजून पाठ आहेत. पाहिजेत का?"

उद्या पहिल्या बसने चिकोडी. नवी वही घेतली आहे. ती सांगेल, मी लिहून घेईन.