पहिले आठ माझे, पुढचे आठ तिचे

२८ डिसेंबर

रोटेशनल डायनॅमिक्स एकदाचं प्रणूच्या डोक्यात शिरलं. दोन दिवस एकच प्रश्न: मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे नेमकं काय वो? व्याख्या तिला पाठ आहे, मलाही आहे, व्याख्येनं काय होतं. शेवटी तिला नहराजवळच्या, पाणी उपसायच्या डिझेल इंजिनाकडे नेलं. त्याचं मोठं चाक हातानं फिरवायला लावलं. सुरू करायला जड, थांबवायलाही जड, कारण सगळं वजन कडेला. हात काळे झाले पण चेहरा उजळला. म्हणाली, "सर असे काऊन नाई सांगत?" सर 'बाकीचं सेल्फ स्टडी' म्हणून मोकळे झालेत दिवाळीपासून.

वाटणी तिनंच सुचवलेली, बरं झालं. १ ते ८ चॅप्टर माझे, ९ ते १६ तिचे. आपापले नीट करायचे आणि दुसरीला शिकवायचे. माझे आधी, मग तिची पाळी. धानाच्या रोवण्यात बाया करतात तसंच, आज तुझ्या बांधीत मी, उद्या माझ्या बांधीत तू. सोळाच्या सोळा एकटीनं केले असते तर मेलेच असते.

ताई याच विषयात राहिली होती. पुन्हा फॉर्म भरू म्हणाली, भरलाच नाही, आता घरी बिड्या वळते. मी बिड्या वळणार नाही. बारावी सुटली तर नागपूरला नर्सिंगला जायचं, बाबा हो म्हणालेत. फिजिक्स राहिलं तर विषय संपला, हेही तेच म्हणालेत.

५ जानेवारी

फ्लुइड्स. सरफेस टेन्शन पऱ्ह्यावरून सांगितलं. धानाची रोपं कोरडी असली की मोकळी, ओली जुडी कशी एकमेकांना चिकटून बसते. विस्कॉसिटी तर सोपीच, चिखलात पाय घाला आणि काढा.

प्र. शनिवार-रविवार गोंदियाला मामाकडे असते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवते आता. घरामागे बसून बोलावं लागतं, घरात टीव्ही. आमची बकरी मध्ये मध्ये ओरडते. प्र. म्हणते बकरीमुळेच लक्षात राहतं.

मजा येते खरं तर. मला शिकवता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

१२ जानेवारी

थर्मो, ऑसिलेशन झाले. घसा बसला. पुढचे आठ चॅप्टर पुस्तकात कोरे करकरीत आहेत, पानं एकमेकांना चिकटलेली. आज सहज करंट इलेक्ट्रिसिटी उघडलं तर प्र.नं पुस्तकच मिटलं. "तिकडं पाहूच नको, गोंधळून जाशील. मी आहो ना." तिचंही बरोबर आहे. तिनं वेव्हजमध्ये नाक खुपसलं असतं तर मलाही राग आला असता.

१९ जानेवारी

झालं! आठही झाले. शेवटचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स आज दुपारी, तिच्या ओसरीवर. तिच्या आईनं पोहे केले. निघताना प्र.नं गळ्यात हात टाकले, कधी टाकत नाही. उद्यापासून तिची पाळी. मी फक्त बसून ऐकणार. किती दिवसांनी डोकं हलकं वाटतंय.

२० जाने.

आली नाही. फोन बंद. बरं नसेल.

२१ जाने.

काय लिहू.

तिच्या घरी गेले. तिची आई अंगण झाडत होती. म्हणाली, "प्रणिता तं गोंदियाले गेली ना वो, क्लासले. परीक्षेपर्यंत मामाकडंच राहाची हाये. तुले नाई सांगतली?"

मी म्हटलं, कोणता क्लास.

"क्र‍ॅश कोर्स का काय म्हणतेत तो. त्याईच्या दोन बॅच हायेत. पहिले आठ तू शिकवून राहिली होतीस ना, मंग आमी दुसरीच बॅच लावली. नवव्यापासूनची."

केव्हा लावली?

"लय दिवस झाले बाप्पा. नाताळच्या सुट्टीतच."

बाई साधी आहे. तिला वाटलं मला माहीत आहे. वर म्हणाली, तुझे उपकार आहेत बेटा.

नाताळच्या सुट्टीत. म्हणजे इंजिनाचं चाक फिरवताना तिला माहीत होतं. पुस्तक मिटवलं तेव्हा माहीत होतं. गळ्यात हात टाकले तेव्हा तर बॅगसुद्धा भरलेली असणार.

२२ जाने.

दिवसभर काही केलं नाही. राग येतो, मग रडू येतं, मग रडू आल्याचा राग. शनिवार-रविवारी मामाकडे कशाला जायची तेही आता कळलं. मी इकडे घसा फाडत होते.

मेसेज टाकला: काऊन? दोन निळ्या खुणा आल्या. तेवढंच.

२५ जाने.

करंट इलेक्ट्रिसिटी उघडलं. इंग्रजी वाचता येतं, आत काही उतरत नाही. किरचॉफचे दोन नियम, व्हीटस्टन ब्रिज, पोटेन्शिओमीटर. माझे आठ मला आधीच येत होते तरी शिकवायला तीन आठवडे गेले, इथे आठ कोरे चॅप्टर आणि तेवढेच दिवस. सरांना विचारलं. "आधी कोठं होती?" म्हणाले. काय सांगणार कुठं होते.

मायला सांगायचं नव्हतं, पण उन्हाळी धानाच्या रोवण्याला तिच्यासोबत गेले तेव्हा तोंडातून निघून गेलंच. माय वाकलेलीच राहिली, पऱ्हे लावत म्हणाली, "दोघीच्या बांध्या एकाच दिवशी रोवल्या जातेत का? कोणाची तरी पहिले होते, कोणाची मांगून. ज्याची मांगून होते, त्याले भरोसा ठेवाच लागते."

"आणि समोरची आलीच नाई तं?"

"मंग आपली आपणच रोवाची. पऱ्हे वाट नाई पाहत."

मला वाटलं होतं ती प्र.ला दोन शिव्या घालेल. एक तरी घालायची. नाही घातली.

२९ जाने.

आज कहर झाला. अनोळखी नंबरवरून ऑडिओ आला. वर 'फॉरवर्डेड' लिहिलेलं. लावला तर माझाच आवाज. "प्रणू, ऐकून राहिली का? आता पाय चिखलात घातला समज..." आणि मागे बकरी.

खाली मेसेज. मुलगी केशोरीची आहे, त्याच क्लासला, तिथल्याच हॉस्टेलवर. 'दीदी, ये आप ही हो क्या? प्रणिताने नंबर दिया. पूर्ण बॅच तुमचेच ऐकते. नवव्याचा पाठवा ना प्लीज.'

नवव्याचा.

हसू की काय करू. पूर्ण गोंदिया माझ्या बकरीसकट विस्कॉसिटी शिकतंय आणि मी इथे नवव्यात अडकून बसलेय. माझे ऑडिओ मला न विचारता वाटले ते वाटले, नंबरही वाटला. नंबर वाटायला वेळ आहे, माझ्या मेसेजला उत्तर द्यायला नाही. मला तिचा इतका तिरस्कार कधी वाटला नव्हता. तिचा फोटो डीपीवरून तेव्हाच काढला होता, आज गॅलरीतूनही काढला. मग रिसायकल बिनमधून परत आणला. मग पुन्हा काढला.

केशोरीवालीला लिहिलं: माझ्याकडे नववा नाही.

३ फेब्रुवारी

प्रॅक्टिकल. प्र. आली होती. केस कापलेत, पाठीवर क्लासच्या नावाची बॅग. मला रेझोनन्स ट्यूब मिळाली, तिला मीटर ब्रिज. मधे एकच टेबल. तिनं एकदा पाहिलं, मग मान खाली.

माझं चांगलं गेलं. बाहेरून आलेल्या सरांनी एंड करेक्शन विचारलं, सांगितलं. माझ्या आठांत मला कोणी हरवू शकत नाही, हे तरी आहे.

नंतर नळावर गाठलीच. सगळं ठरवून गेले होते काय बोलायचं, ऐनवेळी एकच निघालं.

"काऊन नाई सांगतलं?"

तिची बाटली भरून वाहत होती तरी नळ बंद करेना. मग म्हणाली, "सांगतलं असतं तं तू मले शिकवलं असतं का?"

शिकवलं असतं. मी तसं म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, "खोटं नको बोलू करिश्मा. मी क्लास लावला असा कळला असता तं तू दुसऱ्याच दिवशी नववा घेऊन बसली असतीस. मले आठ कोणं शिकवले असते? क्लासवाले इंग्रजीतून धडाधड बोलतेत. मले तुझ्याकडूनच समजते."

"आणि मी?"

"तू हुशार हायेस. तुझं होऊनच जाईल."

आणि गेली. हुशार म्हणे. म्हणजे हुशार माणसाला फसवलं तर चालतं, त्याचं होऊनच जातं. नळ मी बंद केला.

घरी येताना एकच विचार: खरंच शिकवलं असतं का मी? असतं. मला माहीत आहे असतं. तिला हे माहीत नव्हतं याचंच जास्त लागलं. बालवाडीपासून सोबत आहोत.

७ फेब्रुवारी

आज थोडं उजाडलं. नहराच्या काठावर बसून किरचॉफ करत होते. समोर पाटाला दोन फाटे फुटतात. जितकं पाणी येतं तितकंच दोन्हीकडे मिळून जातं, मधल्यामध्ये कुठे गडप होत नाही. पहिला नियम झाला! अर्धा तास स्वतःशीच हसत बसले. दुसऱ्या नियमात मात्र पाणी काही कामाला येईना. व्होल्टेजची चिन्हं प्लस कुठं, मायनस कुठं, शेवटी पाठच केलं.

सगळे आठ होणार नाहीत. नववा, सोळावा, बारावा एवढे नीट. दहाव्यात आधी गॅल्व्हानोमीटर, वेळ उरला तर बाकीचं. अ‍ॅटम आणि ड्युअल नेचरचे फक्त फॉर्म्युले. मॅग्नेटिक मटेरियल आणि एसी सोडलं. सोडायला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

११ फेब्रु.

केशोरीवालीचा पुन्हा मेसेज. आज मी पाठवून दिला तिला किरचॉफ, नहरासकट. का पाठवला माहीत नाही. तिनं माझं काय वाईट केलं? आणि सांगायला मिळालं की माझं मलाच पक्कं होतं, ते खरं. खाली लिहिलं, प्रणिताला देऊ नको.

तिनं अंगठा पाठवला. देणारच ती.

ताई आज बिड्या वळता वळता म्हणाली, "मले नवव्यापासूनच नव्हतं आलं." आजवर कधी बोलली नव्हती. मी विचारलं, मग कोणाला विचारायचं नाही का. म्हणे, "विचाराले कोण होतं." आणि बिडीचं पुढचं पान घेतलं.

१५ फेब्रु.

उद्या फि. माझे आठ एकदा सरसर पाहिले, मुळीच भीती नाही. पुढचं पान आलं की पुस्तक मिटावंसं वाटतं. हॉल तिकीट, दोन पेन, पाण्याची बाटली काढून ठेवली. माय म्हणते अंडं खाऊन जाजो.

१६ फेब्रु., संध्याकाळ

पेपर झाला. सगळं लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात वेगळंच होऊन बसेल.

सेंटरवर गर्दी. मी भिंतीशी उभी. घंटेला थोडाच वेळ होता तेव्हा प्र. सरळ माझ्याकडे आली. चेहरा पांढरा. जय भीम नाही, काही नाही. "करिश्मा, नोडवर प्रेशर जास्त बदलते का कमी वो? माझं सगळं उडून गेलं."

तोंडावर आलं होतं की तुझ्या बॅचला विचार. पण सवय. प्रणूनं विचारलं की तोंड आपोआप चालू होतं. म्हटलं, नोडवर कण हलत नाही, आजूबाजूचे मात्र त्याच्यावर येऊन दाटतात आणि मग दूर जातात, म्हणून प्रेशर तिथंच सगळ्यात जास्त बदलतं. तिनं डोळे मिटून दोनदा पुटपुटलं. रंग आला तिच्या तोंडावर.

आणि मग मी विचारलं. विचारायला नको होतं. काल दहाव्यातलं ते एक पान राहून गेलं होतं, विचारून टाकलं. "गॅल्व्हानोमीटरचा व्होल्टमीटर करायचा तं रेझिस्टन्स कसा जोडाचा? सिरीज का पॅरलल?"

"सिरीज," ती म्हणाली. "मोठा, सिरीजमदी." पटकन म्हणाली. फार पटकन. घंटा झाली.

पेपरात तोच प्रश्न. आकृतीसकट, तीन मार्कांना.

पेन थांबलं. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये व्होल्टमीटर नेहमी पॅरलल लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ती म्हणते सिरीज. तिच्या बॅचमध्ये तिनं हे दहा वेळा केलं असणार. पण 'मी आहो ना' हेही तिनंच म्हटलं होतं, असंच पटकन, डोळ्यात डोळे घालून.

सिरीज लिहिलं होतं आधी. खोडलं. पॅरलल लिहिलं, आकृतीही तशीच काढली. खोडताना बरं वाटलं, हे लिहूनच टाकते.

बाकी पेपर: माझ्या आठांचं सगळं आलं. पुढच्यांत निम्मं. सुटेन की नाही, त्या तीन मार्कांवरच येऊन अडलंय असं वाटतं.

बाहेर प्र. गेटजवळ थांबली होती. हात वर करून बोटानं काहीतरी विचारत होती, बहुतेक 'ते आलं ना?' मी काळी-पिवळीत जाऊन बसले.

आल्यापासून तिचे चार कॉल. उचलले नाहीत.

पुस्तक समोर आहे. दहावा चॅप्टर उघडला की दोन मिनिटांत कळेल. ती खरं बोलली असेल तर माझे मार्क गेले, कदाचित नागपूरही. खोटं बोलली असेल तर ती गेली. पुस्तक हातात घेते आणि ठेवते, कारण यातलं काय निघावं असं मला वाटतं, तेच मला कळत नाही.

फोन पुन्हा वाजतोय.