पाळण्यावरची कोरी जागा

प्रिय बाबा,

आज पाळण्याची कडी निखळली. दुरुस्तीला न्यायचा कुठे, तर इथे कुवेतच्या राई भागात, तुमच्याच जुन्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये. तिथे तुमचे रूममेट सदाकाका भेटले. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी घरी आले आणि कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन वर्ष होईल. आता हे सांगू कुणाला?

बारशाच्या दिवशी हा पाळणा तुम्ही स्वतः घडवून पिकअपमधून आणलात. पोपट काय, वेल काय, सासूबाईसुद्धा बघत राहिल्या! फक्त डोक्याकडच्या फळीवर मधोमध वाटीएवढी जागा कोरी. "स्वस्तिक राहिलं की हो," त्या म्हणाल्या. मी पेन्सिल आणून दिली. तुम्ही ती हातात घेतलीत आणि तशीच खाली ठेवलीत. "नको गो बाय." एवढंच.

आणि मी सगळ्यांसमोर काय बोलले! "कुवेतला राहून देवधर्मही सोडलात का?" तुम्ही अर्धा चहा टाकून निघून गेलात. पुढे तुमचा फोन मी कधी घेतला नाही. तुम्ही कायमचे गावी निघालात, तेव्हा विमानतळावरही आले नाही. का नाही सांगितलंत हो? एकदा ओरडला असतात तरी चाललं असतं.

सदाकाकांनी सांगितलं ते असं. इराकी फौजा गेल्यावर कुवेत पुन्हा उभं राहत होतं, तेव्हाची गोष्ट. खैरानला समुद्रकाठी एका डॅनिश साहेबाच्या घरी तुम्ही कपाट बसवलंत आणि काम पुरं झालं म्हणून नेहमीसारखं दाराला आतून कुंकवाचं स्वस्तिक काढलंत. साहेब ते बघून अंगावर धावून आला. मग तिथेच जमिनीवर बसून रडायला लागला. फोरमनने तुम्हाला समजावलं, "साब का बेटा इसी निशान के पीछे घर छोड के गया है."

"तुझ्या बापाशीन तां स्वतः घासून काढल्यान," सदाकाका म्हणाले. "माका म्हणालो, सदा, आपलां तां शुभ, पण तेच्या झिलाक तेणांच नेल्यान. मगे परत कधी हात धजावलो नाय तेचो."

मी कॉम्प्युटरवर शोधलं, बाबा. त्या साहेबाच्या डेन्मार्कमधला, हिटलरला मानणारा पक्ष. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या जोरावर मिरवला, युद्ध संपताच कोलमडला, मग उरलेल्यांनी नव्या नावाने पुन्हा उभा केला. मतं नाहीत, मोर्चात माणसं मूठभर आणि भोवती पोलीसच जास्त. एवढासा पक्ष! त्यांचं चिन्हही आपलं नव्हे हो. तिरकं, काळं, चार ठिपके नसलेलं. पण त्या बापाला ठिपके कुठून दिसणार?

त्या चिन्हापायी त्याचा मुलगा गेला. आणि ते नाही म्हणून तुमची मुलगी गेली. तुम्ही दोन्ही बघितलंत आणि मला मात्र काही सांगितलं नाहीत.

आज त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवला. बाकी पाळण्यापेक्षा तिथे पॉलिश जास्त गुळगुळीत आहे. किती वेळ घासत बसला होतात, बाबा?

ती जागा मी कोरीच ठेवीन. आणि माझा मुलगा उद्या कशावरून रुसून लांब गेला, तर तुम्ही करत होतात तसा मीही त्याला फोन करत राहीन. तो उचलेपर्यंत.

तुमची,
बाय